एका स्थापत्यविशारदाचें घर

कवीच्या मागें त्याची कविता उरते, शास्त्रज्ञाच्या मागें त्याचा शोध उरतो. परंतु ज्यानें आयुष्यभर दगडाविटांचीं कामें केलीं, त्याचीं कामें पुढच्या पिढीच्या गरजेप्रमाणें वाढविलीं जातात, बदललीं जातात आणि प्रसंगीं पाडलींही जातात. लंडन शहरांतील सर जॉन सोन या स्थापत्यविशारदांच्या बाबतींत तर असें घडलें कीं, त्यांच्या हातची सर्वांत मोठी इमारत बहुतांशीं गेली आणि त्यांचें राहतें घर मात्र राहिलें. तें घर आज पदार्थसंग्रहालय आहे व आम्हीं तें पाहिलें आहे. तें कशामुळें टिकलें आणि तेथें शिकण्यासारखें काय आहे, हें आमच्या विद्यार्थिवाचकांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

जॉन सोन यांचा जन्म १७५३ सालीं थेम्स नदीच्या कांठीं गोरिंग या गांवीं एका गवंड्याच्या घरीं झाला. पंधराव्या वर्षीं ते जॉर्ज डान्स या नामांकित स्थापत्यविशारदाच्या हाताखालीं उमेदवारी करूं लागले. १७७१ सालीं त्यांस रॉयल अकादमीच्या विद्यालयांत प्रवेश मिळाला व १७७६ सालीं तेथील सुवर्णपदक मिळालें. पुढें राजाच्या कृपेनें प्रवासासाठीं शिष्यवृत्ति मिळून १७७८ सालीं ते इटलीस गेले. रोम येथील जुन्या इमारतींचीं मोजमापें घेत व चित्रें काढीत घालविलेला तो काळ त्यांना जन्मभर पुरला. १७८८ सालीं बँक ऑफ इंग्लंडचे स्थापत्यविशारद म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि १८३३ पर्यंत, म्हणजे ४५ वर्षें, तें काम त्यांच्याकडे होतें.

या बँकेच्या कामांत एक मोठी अडचण होती. आंत राष्ट्राचा सोन्याचा सांठा. बाहेर १७८० सालीं लंडनमध्यें झालेल्या भयंकर दंग्याची आठवण ताजी. अशा इमारतीस रस्त्याच्या बाजूनें खिडक्या ठेवणें धोक्याचें होतें. म्हणून बाहेरची भिंत आंधळी ठेवून आंतील विस्तीर्ण दालनांत उजेड वरून आणावा लागे. घुमटाच्या माथ्यावरील कांचेंतून आणि कमानींच्या आडून प्रकाश खालीं उतरविण्याची जी कला सोन यांनीं साधली, तिचा उगम बऱ्याच अंशीं या अडचणींत आहे. अडचण हीही एक शिक्षिकाच होय, हें आमच्या तरुण वाचकांनीं येथें ध्यानांत ठेवावें.

हीच कला त्यांनीं स्वतःच्या घरीं लहान प्रमाणावर वापरली. लिंकन्स इन फील्ड्स या नांवाच्या चौकांत, वकीलमंडळींच्या वस्तीजवळ, १७९२ सालीं त्यांनीं १२ क्रमांकाचें घर विकत घेऊन तें नव्यानें बांधलें. १८०७ सालीं शेजारचें १३ क्रमांकाचें घर घेतलें व १८१२ पासून त्याची पुनर्बांधणी केली; १८२३ सालीं १४ क्रमांकाचें घरही त्यांच्या ताब्यांत आलें. हीं घरें एका ओळींत भिंतीस भिंत लागून उभीं आहेत. बाजूंनीं उजेड येण्यास वाव नाहीं. समोरून व मागून येईल तेवढाच. मग मधल्या व मागच्या खोल्यांनीं काय करावें? सोन यांचें उत्तर बँकेंतलेंच होतें: वरून घ्यावा!

न्याहारीची खोली पाहिली म्हणजे हें उत्तर डोळ्यांस दिसतें. ही खोली फार मोठी नाहीं. चार सडपातळ खांबांवर एक उथळ घुमट, ताणून धरलेल्या हातरुमालासारखा, उभारलेला आहे. दोन बाजूंस तो भिंतींपर्यंत पोंचतच नाहीं. मधल्या जागेंत, पाहणाऱ्यास सहज दिसूं नयेत असे छपरांतले झरोके आहेत. त्यांतून येणारा उजेड भिंतीवरून पाण्यासारखा ओघळतो. घुमटाला लहान लहान बहिर्गोल आरसे बसविले आहेत. त्यांत खोलीचें इवलेंसें प्रतिबिंब दिसतें. पलीकडच्या ग्रंथालयांतही कपाटांच्या वर आरसे असे लाविले आहेत कीं, छत भिंतीच्या पलीकडे चालूच आहे असा भास व्हावा. कांहीं झरोक्यांना पिवळी कांच आहे. लंडनच्या धुरकट, करड्या दिवशींही आंत इटलीच्या उन्हाची झांक यावी, अशी ती योजना होय.

चित्रांची खोली तर याहून नवलाची. तिची लांबी १४ फूट व रुंदी १३ फूटही भरत नाहीं. तरी तींत शंभराहून अधिक चित्रें मावलीं आहेत. भिंती कपाटाच्या दारांसारख्या उघडतात आणि आंत चित्रांची दुसरी रांग निघते. एका बाजूचीं दारें तर पूर्ण उघडलीं कीं भिंतच नाहींशी होऊन पलीकडची मोकळी जागा व तींतील मूर्ति दृष्टीस पडते. येथेंच हॉगार्थ या चित्रकाराची आठ चित्रांची प्रसिद्ध माला आहे. बापाची मिळकत उधळून वेड्यांच्या इस्पितळांत शेवट झालेल्या एका तरुणाची कथा तींत चितारिली आहे. ही माला १८०२ सालीं लिलांवांत सोन यांच्या पत्नीनें ५७० गिनींस घेतली.

घराच्या तळघरांत मिसरचा राजा पहिला सेति याची शवपेटिका आहे. अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाची, नऊ फुटांहून अधिक लांबीची, चित्रलिपीनें भरलेली ही पेटिका १८१७ सालीं बेल्झोनी यांस राजांच्या खोऱ्यांत सांपडली. ब्रिटिश म्यूझियमनें तिची किंमत देण्याचें नाकारिलें, तेव्हां सोन यांनीं २,००० पौंड मोजून १८२४ सालीं ती घेतली. पुढच्या वर्षीं तीन रात्रीं मेजवानी करून त्यांनीं ती दिव्यांच्या उजेडांत शेंकडों पाहुण्यांस दाखविली.

इतक्या वस्तु एका घरांत कां गोळा केल्या? श्रीमंताचा छंद एवढेंच त्याचें कारण नव्हे. १८०६ सालीं सोन हे रॉयल अकादमींत स्थापत्याचे अध्यापक झाले. त्या काळीं फ्रान्सशीं युद्ध चालू असल्यामुळें इंग्रज विद्यार्थ्यांस इटलीची वाट बहुतेक बंद होती. गवंड्याच्या मुलास जें रोम पाहावयास मिळालें, तें या मुलांस मिळणार नव्हतें. तेव्हां जुन्या इमारतींच्या नक्षीचे प्लास्टरचे ठसे, दगडांचे तुकडे, बुचाच्या लांकडाचे नमुने व हजारों नकाशे यांच्या रूपानें रोमच घरीं आणावें, अशी त्यांची कल्पना होती. व्याख्यानाच्या आदल्या व दुसऱ्या दिवशीं विद्यार्थ्यांनीं घरीं येऊन हा संग्रह अभ्यासावा, अशी त्यांची व्यवस्था होती.

आतां या घराची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. सोन यांस जॉन व जॉर्ज असे दोन मुलगे होते. दोघांनींही आपलाच व्यवसाय चालवावा व सोन घराण्याची परंपरा उभी राहावी, अशी वडिलांची उत्कट इच्छा होती. त्यासाठीं १८०० सालीं त्यांनीं ईलिंग येथें पिट्झहँगर नांवाचा वाडा घेतला व तो बराचसा नव्यानें बांधला; मुलांस त्यांतच या विद्येची गोडी लागावी हा हेतु. परंतु थोरल्याची प्रकृति नाजूक, व या कामीं त्याचें मन नव्हतें. धाकट्यास लेखनाची ओढ. १८१० सालीं तो वाडा विकून टाकावा लागला. धाकटा मुलगा कर्जांत बुडाला, तुरुंगांतही गेला. १८१५ सालीं त्यानें एका वर्तमानपत्रांत वडिलांच्या कामाची निंदा करणारे दोन निनावी लेख लिहिले. आई त्या वेळीं आजारी होती. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ती वारली. सोन यांनीं ते लेख चौकटींत बसवून, मुलानें घातलेले प्राणघातक घाव अशा अर्थाचा मथळा देऊन घरांत टांगले. १८२३ सालीं थोरला मुलगाही गेला.

बापलेकांच्या या भांडणांत आम्ही न्यायाधीश होऊं इच्छीत नाहीं. मुलाचें कृत्य क्रूर होतें. पण मुलांचा कल न पाहतां त्यांच्यावर आपलें स्वप्न लादणारा आणि झालेली जखम भिंतीवर टांगून ठेवणारा बापही सुखी किंवा सौम्य म्हणतां येणार नाहीं. सुजाण पालकांस यांतून काय घ्यावयाचें तें सांगावें लागणार नाहीं.

अखेर १८३३ सालीं सोन यांनीं पार्लमेंटकडून एक खास कायदा करून घेतला. आपल्या मृत्यूनंतर घर व संग्रह विश्वस्तांच्या हातीं जावा, तो विद्यार्थ्यांस व कलाप्रेमी लोकांस विनामूल्य पाहावयास मिळावा, आणि सर्व मांडणी शक्य तोंवर आपण ठेवून गेलों तशीच राहावी, असा त्याचा आशय होता. धाकट्या मुलाच्या वतीनें पार्लमेंटांत विरोध झाला. तरी कायदा संमत झाला. १८३७ च्या जानेवारींत सोन वारले व कायदा अंमलांत आला. आजही तेथें प्रवेशास पैसे पडत नाहींत. पोटच्या मुलांनीं जो वारसा नाकारिला, तो येणेंप्रमाणें परक्यांच्या मुलांस मिळाला.

त्या बँकेचें पुढें काय झालें? १९२५ पासून सर हर्बर्ट बेकर यांनीं तिची नवी, उंच इमारत उभारली. नव्या दिल्लींतील सचिवालयाच्या इमारती रचणारे बेकर ते हेच. त्या कामांत सोन यांचीं बहुतेक सर्व दालनें पाडलीं गेलीं. बाहेरची बिनखिडकीची भिंत तेवढी मुख्यतः राहिली. ज्या इमारतीपाशीं राष्ट्राचें सोनें होतें ती गेली, आणि ज्या घरापाशीं एक कायदा व शिकणाऱ्यांची ये-जा होती तें राहिलें.

लंडनला जाणें प्रत्येकास साधेल असें नाहीं. परंतु सोन यांचा धडा घरबसल्या गिरवितां येतो. एका सुटीच्या दिवशीं आपल्या घरांतील एका खोलींत सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं उजेड कोठून येतो, कोणत्या भिंतीवर पडतो व कोठें पोंचत नाहीं, याची टिपणें करा व साधा नकाशा काढा. मग एखादें कवेलू काढून तेथें कांच बसविली, किंवा आरसा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेला, तर काय फरक पडेल याचा विचार करा. ज्या मुलास वा मुलीस या खटाटोपांत खरी गोडी वाटेल, त्यांस पुढें काय शिकावयाचें हें कोणी सांगावयास नको. आणि ज्यांस वाटणार नाहीं, त्यांस आईबापांनीं खुशाल दुसऱ्या वाटेनें जाऊं द्यावें.