पावसाळा आणि घरातील औषधाच्या गोळ्या



सप्टेंबर १९९४ मध्ये आपल्या सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल औषधांच्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. ज्यांना मिळाल्या त्यांनी गरजेपेक्षा जास्त घेतल्या, 'असू द्या घरात, पुढे कामी येतील' म्हणून. साथ ओसरली, गावी गेलेली माणसे परतली. पण साठवलेले औषध पुढे कामी येतेच असे नाही. आणि टेट्रासायक्लिनच्या बाबतीत तर धोकाच होता. जुन्या, खराब झालेल्या टेट्रासायक्लिनमुळे मूत्रपिंडांना इजा झालेले रुग्ण अमेरिकेत १९६३ साली नोंदले गेले होते. त्यानंतर त्या कॅप्सूलमधील काही घटक बदलण्यात आले.

बहुतेक औषधे अशी अपायकारक होत नाहीत, ती मुकाट्याने निकामी होतात. आम्हाला हेच जास्त काळजीचे वाटते. आजोबा रोज सकाळी न चुकता रक्तदाबाची गोळी घेतात, पण त्या गोळीत जोरच उरला नसेल तर ते कुणाला कळणार?

पावसाळ्यात पापड सादळतो, मिठाला पाणी सुटते, तशीच गोळीही हवेतला ओलावा ओढते. आपल्याकडे तापी आणि समुद्र दोन्ही जवळ, त्यामुळे जून ते सप्टेंबर हवा दमटच. अॅस्पिरिनचे उदाहरण घ्या. ओलावा लागला की तिचे सॅलिसिलिक आम्ल व अॅसेटिक आम्ल असे दोन भाग होतात. अॅसेटिक आम्ल म्हणजेच व्हिनेगरमधले आम्ल. म्हणून जुन्या अॅस्पिरिनच्या बाटलीला आंबूस वास येतो. असा वास आला तर ती गोळी घेऊ नये. मात्र प्रत्येक औषध असा वास देऊन सावध करत नाही.

आता घरात गोळ्या कुठे असतात ते पाहा. फ्रिजच्या डोक्यावर, गॅसजवळच्या फडताळात, नाहीतर न्हाणीघराच्या आरशामागे. या तिन्ही जागा वाईट. पहिल्या दोन ठिकाणी उष्णता, तिसऱ्या ठिकाणी वाफ. पाकिटावर बहुधा २५ किंवा ३० अंश सेल्सियसच्या आत, कोरड्या जागी व उजेडापासून दूर ठेवावे असे छापलेले असते. पत्र्याच्या छताखाली राहणाऱ्यांना उन्हाळ्यात हे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. तेव्हा निदान खालच्या बाजूचे, भिंतीच्या सावलीतले कपाट निवडावे. पण लहान मूल घरात असेल तर ते कपाट कुलूपबंद हवे. गोळीला 'चॉकलेट' म्हणून मुलांना औषध पाजण्याची सवयही सोडावी. फ्रिजमध्ये मात्र पाकिटावर तसे लिहिले असेल तरच ठेवावे, कारण गार गोळी बाहेर काढली की तिच्यावर दव धरते.

सर्वात मोठी चूक म्हणजे गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरणे. स्ट्रिप ही नुसती बांधणी नाही, ती गोळीचे चिलखत आहे. फिट येणाऱ्या रुग्णांची सोडियम व्हॅल्प्रोएटची गोळी उघडी राहिली तर ओलाव्याने चिकट होते. क्षयरोगाच्या एकत्रित गोळ्यांतील रिफाम्पिसिनसुद्धा दमट हवेत खराब होते. आणि या रोगात औषध कमी पडले तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. थायरॉईडच्या गोळ्या बाटलीत येतात. त्या बाटलीतली छोटी पुडी ओलावा शोषण्यासाठी असते, ती फेकू नये आणि खाऊही नये. आठवड्याची डबी भरायचीच असेल तर स्ट्रिप कात्रीने कापून, फोड न फोडता तुकडे ठेवावेत.

दुकानदाराकडून चारच गोळ्या कापून घेतल्या तर पुष्कळदा मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहते. ती विचारून पाकिटावर लिहून घ्यावी. फक्त महिना व वर्ष छापलेले असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालते, अर्थात ते नीट ठेवले असेल तरच. ही छपाई बारीक आणि बहुधा इंग्रजीत असते. सातवी-आठवीच्या मुलांनी या रविवारी घरातल्या सगळ्या स्ट्रिप काढून आजी-आजोबांना तारखा वाचून दाखवाव्यात. हा गृहपाठच समजा!

सुट्टीत नंदुरबार, धुळे, जळगावकडे जाताना औषधे खिडकीजवळच्या पिशवीत ठेवू नयेत. मे महिन्यातले खानदेशी ऊन तुम्हाला ठाऊक आहे. बंद मोटारीत तर मुळीच सोडू नयेत.

ऑगस्ट २००६ च्या महापुरात उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सुटले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. अशा पाण्यात भिजलेली औषधे वाळवून वापरू नयेत, स्ट्रिप वरून कोरडी दिसली तरी. पुराचा इशारा आला की रोजच्या गोळ्या व डॉक्टरांची चिठ्ठी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माळ्यावर चढवाव्यात, आणि पाणी ओसरताच पुन्हा खाली आणाव्यात.

मुदत संपलेल्या गोळ्या खाडीत किंवा उघड्या उकिरड्यावर टाकू नयेत. औषध दुकानदार परत घेतो का, ते आधी विचारावे. नसेल घेत तर बहुतेक गोळ्या फोडातून काढून चहाच्या चोथ्यात कालवाव्यात आणि पिशवी बांधून कचऱ्याच्या गाडीत द्याव्यात. रिकाम्या स्ट्रिपही कापून टाकाव्यात.