खाऱ्या वाऱ्यातली गिटार : आवाज परत आणण्याची कृती

मालवण, देवबाग, वेंगुर्ला या पट्ट्यात ज्यांचं घर किनाऱ्याजवळ आहे, त्यांच्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज दोन-तीन पावसाळ्यांत बसतो. वरचे सूर मिटतात, व्हॉल्यूमचा नॉब खरखरतो, वरच्या फ्रेट्सवर सूर लागत नाही. मग कुणीतरी सांगतं, पिकअप बदल. माझं मत अगदी ठाम आहे की पिकअप हा या कामातला शेवटचा खर्च आहे. त्याआधीची सगळी कामं नीट आणि क्रमानं केली, तर बहुतेक गिटारींना तो करावाच लागत नाही. क्रम मात्र मोडायचा नाही, कारण इथलं प्रत्येक माप आधीच्या मापावर उभं असतं.

साहित्य असं : नव्या तारांचा एक संच, एलन की, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी, ट्यूनर, कॅपो, मास्किंग टेप, दात घासायचा जुना ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनर, मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सामान आणि तांब्याची चिकटपट्टी. एक फीलर गेजही लागेल, पण तो विकत घेऊ नका. बोटीच्या डिझेल इंजिनाचे टॅपेट लावणाऱ्या कुठल्याही मेकॅनिककडे तो असतो. त्यातली 0.20 आणि 0.25 मिलिमीटरची पाती आपल्या कामाची.

सुरुवात स्वच्छतेपासून. तारा काढा. गिटारला तरंगता ट्रेमोलो ब्रिज असेल तर सगळ्या एकदम काढू नका, एकेक बदला, नाहीतर मागच्या स्प्रिंग ब्रिजला ओढून घेतात. आता उजेडात पिकअपकडे नीट बघा. सिंगल कॉइल पिकअपवर चुंबकाची सहा टोकं दिसतात. त्यांच्यावर तांबूस पूड धरली असेल तर दुखणं तिथे सुरू झालंय. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये वेटोळ्याची तार थेट या चुंबकांवरच गुंडाळलेली असते. ती साधारण 0.063 मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाइतकी बारीक. चुंबकात लोखंड असतं. खारी दमट हवा आणि हाताचा घाम यांनी ते गंजलं, की गंज आतून तारेवरचं आवरण खातो आणि एक दिवस तार तुटते. पूड दिसली तर कोरड्या ब्रशनं झाडा. तिथे तेल लावू नका, पाणी तर नकोच.

फ्रेट काळवंडले असतील तर मधल्या लाकडावर मास्किंग टेप लावून ते अगदी बारीक, चार शून्याच्या स्टील वूलनं घासा. त्याआधी पिकअप टेपनं पूर्ण झाका. स्टील वूलचा चुरा चुंबकाला चिकटतो आणि मग निघता निघत नाही. फिंगरबोर्ड शिसवीचा असेल तर मिनरल ऑइलचे चार थेंब कापडावर घेऊन पुसा आणि जादाचं तेल लगेच टिपून घ्या. आपल्याकडे हात आधी खोबरेल तेलाकडे जातो, पण इथे ते वापरू नका. ते खवट होतं आणि त्यावर धूळ धरते. जगभरच्या गिटारींवर जी भारतीय शिसवी बसते, तिचं झाड आपल्याच सह्याद्रीच्या रानात वाढतं. त्या लाकडाला तेल थोडंच लागतं.

तारांच्या बाबतीत किनाऱ्यावर काटकसर परवडत नाही. निकेलचा मुलामा असलेल्या साध्या तारा इथे लवकर काळ्या पडतात. काळी पडलेली तार वरचे सूर तर गमावतेच, शिवाय ती सगळीकडे सारखी जाड राहत नाही, त्यामुळे सुरातही येत नाही. आवरण चढवलेल्या तारा महाग असतात, पण इथे त्या पैसे वसूल करतात. स्टेनलेस स्टीलच्या तारा गंजाला चांगल्या पुरतात, मात्र त्यांचा आवाज कडक असतो आणि त्या फ्रेट लवकर झिजवतात. जाडी 0.009 ते 0.042 इंचांची घ्या किंवा 0.010 ते 0.046 ची. एकदा ठरवली की तीच ठेवा, कारण पुढची सगळी मापं तारेच्या ताणावर अवलंबून असतात. वाजवून झाल्यावर तारा वरून पुसतो तशा खालूनही पुसायच्या. गंज खालूनच धरतो.

नव्या तारा सुरात लावल्या की मान बघायची. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, सहावी तार मान आणि अंग जुळतात तिथल्या फ्रेटवर दाबा, आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात फीलर गेजचं पातं सरकवून बघा. 0.20 चं पातं तार न हलवता जायला हवं, 0.25 चं किंचित अडायला हवं. फट जास्त असेल तर मानेतला ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा. फट नसेलच, तर उलट दिशेनं. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही. पुन्हा सुरात लावा, गिटार थोडा वेळ तशीच राहू द्या आणि मग मोजा. रॉडचा नट जाम असेल तर जोर करू नका, कारागिराकडे न्या. ट्रस रॉड तुटला तर दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीपर्यंत जातो. आषाढ-श्रावणात लाकूड हवेतलं पाणी पितं आणि मान जागची हलते, म्हणून मे महिन्यातलं माप ऑगस्टमध्ये जुळलं नाही तर घाबरायचं कारण नाही.

मग तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली 1.6 ते 2 मिलिमीटर, बारीक तारेखाली 1.5 च्या आसपास. ब्रिजवरचे सॅडलचे स्क्रू गंजून बसले असतील तर दातकोरणीच्या टोकावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब घेऊन आट्यांवर ठेवा आणि रात्रभर थांबा. गिटारवर फवारा मारायचा नाही. वरच्या टोकाच्या नटमध्ये तार अडकून कुईकुई वाजत असेल तर खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा.

यानंतर सुराची जुळणी. बाराव्या फ्रेटवर बोट हलकेच टेकवून हार्मोनिक काढा, मग तिथेच तार दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सूर एकच दिसले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मानेपासून लांब न्या, उतरलेला असेल तर मानेकडे आणा. प्रत्येक बदलानंतर तार पुन्हा सुरात लावूनच पुढचं माप. कंटाळवाणं काम आहे खरं, पण ऑर्केस्ट्रात कीबोर्डच्या शेजारी उभं राहिल्यावर हेच काम ऐकू येतं. भजनी मंडळाबरोबर वाजवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. बुवांची पेटी 440 हर्ट्झला असेलच असं नाही. पेटी काही जागची हलत नाही, तेव्हा ट्यूनरचा पाया पेटीशी जुळवून घ्या. काळी एकमध्ये गायचं असेल तर अख्खी गिटार अर्धा सूर चढवून तारा ताणू नका, कॅपो लावा.

आता पिकअपची उंची. इथे एक पैसा न खर्चता आवाज सगळ्यात जास्त बदलतो, आणि नेमकं हेच बहुतेक जण करत नाहीत. शेवटचा फ्रेट दाबून तारेची खालची कड आणि चुंबकाचं टोक यांतलं अंतर मोजा. सिंगल कॉइलला जाड तारेकडे 2.4 आणि बारीक तारेकडे 2 मिलिमीटर, दोन वेटोळ्यांच्या हंबकरला दोन्हीकडे 1.6, इथून सुरुवात करा. पिकअप वर आणला की आवाज मोठा होतो, म्हणून सगळ्यांना तो वर आणायचा मोह होतो. पण फार जवळ आलेलं चुंबक तारेलाच ओढू लागतं. सूर लवकर मरतो आणि जाड तारांवर एकाच सुराचे दोन सूर ऐकू येतात. तेव्हा आधी खाली न्या, ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवा, आणि पाव-पाव फेऱ्यानं वर येत कानाला पटेल तिथे थांबा. मग दोन पिकअप एकमेकांशी तोलून घ्या. मानेकडचा नेहमी मोठा वाजतो, म्हणून तो ब्रिजकडच्यापेक्षा खाली राहतो.

आतलं काम इथून पुढे. वरची पट्टी उघडली की जोडणीचा फोटो आधी काढा. नॉबखालच्या पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब पंचवीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवा. गंज सोडवणारं साधं तेल पॉटमध्ये घालू नका, त्याचा थर राहतो. पॉट बदलायचाच असेल तर सिंगल कॉइलला 250 किलोओहम, हंबकरला 500. आकडा वाढला की आवाज उजळतो. त्यामुळे मिटलेल्या आवाजाच्या हंबकर गिटारमध्ये कुणी 250 चे पॉट बसवलेत का, हे बघितलं तर पिकअपचे पैसे वाचू शकतात. सोल्डरचा हात नसेल तर गावातला बँजोवाला गाठा. गणपतीच्या मिरवणुकीतल्या बँजोलाही पिकअप असतो, त्याला ही जोडणी परकी नाही.

घरघर येत असेल तर तारांना हात लावून बघा. हात लावल्यावर ती कमी झाली, तर ग्राउंडची तार शाबूत आहे आणि आडोसा कमी पडतोय. पोकळीच्या आत तांब्याची पट्टी सलग चिकटवा, ती ग्राउंडला जोडा, आणि जॅकच्या सिग्नलच्या टोकाला ती शिवणार नाही अशी इन्सुलेशन टेप लावा. सिंगल कॉइलची थोडी घरघर तरीही उरते, कारण ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र तांब्यानं अडत नाही. ती मारण्यासाठीच गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये दोन वेटोळ्यांचा हंबकर तयार केला.

तारांना हात लावल्यावर घरघर वाढली किंवा झिणझिण्या आल्या, तर तिथेच थांबा. दोष बहुधा गिटारमध्ये नसून विजेच्या जोडणीत असतो. आपल्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि जत्रेच्या मंडपात जनरेटरला अर्थिंग दिलेलंच नसतं. एक हात तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीवर, अशा स्थितीत बसलेला धक्का जीव घेऊ शकतो. कार्यक्रमाआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. आकडा शून्याजवळ नसेल तर वाजवायचं नाही, मग आयोजक कितीही घाई करोत. ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकणाऱ्याला गिटारला हात लावू देऊ नका.

केबलही तपासा. साध्या केबलच्या दर मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरॅड धारिता धरली, तर दहा मीटरच्या वायरमध्ये वरचे सूर बरेचसे जातात. घरी तीन मीटर पुरते.

एवढं झाल्यावरही आवाज मनासारखा नसेल, तर पिकअपचा रोध मोजा. सिंगल कॉइलला 6 आणि हंबकरला 8 किलोओहमच्या आसपास आकडा आला तर वेटोळं जिवंत आहे. मीटरवर काहीच आलं नाही तर तार तुटलीय, आणि तेव्हा नवा पिकअप घ्या. तो घेताना वेटोळं मेणात बुडवलेलं आणि वर झाकण असलेला घ्या, आपल्या हवेत तो जास्त टिकतो.

गिटार भिंतीला टांगून न ठेवता पेटीत ठेवा, सोबत सिलिका जेलची पिशवी टाका आणि तिचे निळे दाणे गुलाबी झाले की ती तापवून पुन्हा वापरा. मान, उंची आणि सूर ही तीन मापं वर्षातून दोनदा घ्यायची : एकदा पाऊस ओसरल्यावर, खंडेनवमीला वाद्यं पूजेला काढतो तेव्हा, आणि एकदा मेअखेर, पाऊस लागण्याआधी.