मुंबई महापालिकेची कचेरी

बोरीबंदर स्थानकासमोर जी भव्य पाषाणी वास्तु दिसते, ती मुंबई महापालिकेची मुख्य कचेरी होय. दोहोंचे शिल्पकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हेच. ही वास्तु १८९३ सालीं पुरी झाली. दोन रस्त्यांच्या बेचक्यांतील जागा निमुळती; पण त्या अडचणीचेंच स्टीव्हन्सांनीं भूषण केलें. टोंकाशीं २५५ फूट उंचीचा मनोरा उभारून इमारतीच्या दोन बाजू मागें पसरविल्या; गॉथिक कमानींवर पौरस्त्य घुमट चढविला. दर्शनी भागावरील पंखधारी आकृति ‘हिंदुस्थानांतील प्रथम नगरी’ दर्शविते. आम्हांस मात्र तिच्याहून आंतील सभागृह अधिक मोलाचें वाटतें. पाणी, झाडलोट, इस्पितळें, प्राथमिक शाळा यांवरील खर्चाचा निवाडा नागरिकांच्या प्रतिनिधींनीं तेथें करावयाचा. २०२२ सालीं सभासदांची मुदत संपली, निवडणूक लांबली. पुढें कित्येक वर्षें प्रशासकच अंदाजपत्रक मंजूर करीत, आणि कर देणारांच्या वतीनें त्यावर प्रश्न विचारण्यास त्या दालनांत कोणी नव्हतें.