लिफ्ट प्लॅन कोण बनवतं?

31 जुलै 2023 च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारा लाँचर कोसळला आणि 20 जणांचा जीव गेला. ही बातमी लक्षात असलेल्या घरात डिप्लोमा करणाऱ्या मुलीने ‘मला क्रेनच्या कामात जायचंय’ म्हटलं, तर आईवडिलांच्या पोटात गोळा येणारच. ही भीती अनाठायी नाही. पण क्रेनचा धोका बराचसा हूक हलण्याआधीच ठरलेला असतो, आणि तो आधी ओळखून लेखी आराखडा करणाऱ्या अभियंत्यांची या क्षेत्राला फार गरज आहे. मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनी ही वाट गांभीर्याने घ्यावी, असं मला वाटतं.

‘क्रेन 50 टनांची, माल 10 टनांचा, मग अडचण कसली?’ हा साइटवरचा नेहमीचा प्रश्न घ्या. 50 टन ही क्षमता बूम आखूड आणि माल क्रेनला अगदी लागून असतानाची. तोच माल वीस मीटर लांब ठेवायचा तर लोड चार्टमधली क्षमता पाच-सहा टनांपर्यंत उतरू शकते, आणि त्यातूनही हूक ब्लॉक व स्लिंगचं वजन वजा होतं. मग येतो स्लिंगचा कोन. दोन पायांच्या स्लिंगने 10 टन उचलताना प्रत्येक पाय आडव्या रेषेशी 60 अंशांत असेल, तर त्यावर सुमारे 5.8 टन ताण येतो; कोन 30 अंशांवर आला की एकेका पायावर पूर्ण 10 टन. माल तोच, क्रेन तीच, फक्त स्लिंग तोकडी पडली. हिशेब दहावीच्या त्रिकोणमितीत बसणारा आहे, पण तो कुणीतरी वेळेत करावा लागतो. शिवाय क्रेनच्या आधारपायांखाली (आउटरिगर) नुकताच बुजवलेला चर तर नाही ना, वरून विजेच्या तारा गेल्यात का, वारा किती वाढला की काम थांबवायचं, सिग्नल कोण देणार, या सगळ्यांची लेखी उत्तरं म्हणजे लिफ्ट प्लॅन.

याला कायद्याचं पाठबळ आहे. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 29 ने उचल यंत्रं, साखळ्या आणि दोर यांची 12 महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी बंधनकारक केली. बांधकामासाठी 1996 चा स्वतंत्र कायदा आला. आणि असे 13 कायदे एकत्र करणारी व्यावसायिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये संसदेने मंजूर केली. ब्रिटनचे 1998 चे नियम तर प्रत्येक उचल सक्षम व्यक्तीनेच आखावी असं सांगतात. आखातातल्या तेल-वायू प्रकल्पांवरही लेखी प्लॅन मागितला जातो, आणि कोकणातल्या कितीतरी घरांना आखात नवं नाही. सुरुवात डिप्लोमा किंवा पदवीने करावी, मग काही वर्षं साइटवर रिगिंग जवळून पाहावं, आणि त्यानंतर मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेसारख्या ठिकाणी औद्योगिक सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रम करावा. साइट टाळून थेट सुरक्षा अधिकारी होण्याची घाई मला घातक वाटते.

‘आपल्याकडे कायदा कागदावरच राहतो,’ असं पालक म्हणतील. हायड्रा क्रेनच्या हूकला पाइप लटकवून भर रस्त्यातून नेताना आणि माणूस तो पाइप हाताने सावरत चालताना आपण पाहतोच. छोट्या कामांवर हे चित्र खरं आहे. पण मेट्रो, रिफायनरी, बंदर अशा मोठ्या कामांवर प्लॅनशिवाय अवजड उचल सहसा होत नाही, आणि नोकऱ्याही तिथेच आहेत. सॉफ्टवेअर हे काम गिळेल ही शंका मला फारशी टिकणारी वाटत नाही. लोड चार्ट ते वाचेल, पण परवा बुजवलेला चर त्याला कुणीतरी सांगावाच लागेल. खरा गंभीर आक्षेप वेगळाच आहे: अपघात झाला तर सही करणाऱ्यालाच पकडतील. हो, जबाबदारी येतेच. म्हणून सहीबरोबर काम थांबवण्याचा अधिकारही मिळतो का, हे नोकरी घेण्यापूर्वी तपासायला हवं. मुलाखतीत स्पष्ट विचारावं की उचल थांबवायचा शब्द कुणाचा चालतो, आणि शक्य असल्यास जुने दोन-तीन लिफ्ट प्लॅन पाहायला मागावेत. सगळ्यांत मजकूर तोच आणि फक्त तारीख बदललेली दिसली, तर पगार कितीही असो, ती नोकरी घेऊ नये.