टॉवर ‘स्टँडबाय’ म्हणतो तेव्हा

चि. सायली,

डेन्व्हरजवळच्या सेंटेनियल विमानतळावर टॉवरने टच-अँड-गोला (उतरून न थांबता लगेच पुन्हा उडण्याच्या सरावाला) नकार दिला आणि उड्डाणाच्या तासाचे पैसे वाया गेले, ही तुझी तक्रार पोचली. राग येणारच. पण तो कंट्रोलरवर काढू नकोस.

तिथे शिकाऊ सेसना, खासगी जेट, मालवाहू विमानं सगळी एकाच आकाशात. सेसना रेंगाळत उतरते आणि मागून जेट जवळजवळ दुप्पट वेगाने येत असतं. माणसं कमी असली की दोघांचं काम एकाच कंट्रोलरच्या गळ्यात पडतं. अशा वेळी तो सरावाच्या फेऱ्या आधी थांबवतो, आणि तेच बरोबर आहे.

ही माणसं पटकन मिळतही नाहीत. अमेरिकेत वयाच्या 31 व्या वाढदिवसाआधी अर्ज करावा लागतो, 56 व्या वर्षी निवृत्ती ठरलेली. ओक्लाहोमा सिटीच्या अकादमीतलं कंट्रोलरचं प्रशिक्षण संपलं तरी नेमणुकीच्या टॉवरवर पूर्ण तयार व्हायला वर्षं जातात. बदली झाली की नव्या जागेचं शिक्षण पुन्हा. ऑगस्ट 1981 मध्ये अध्यक्ष रेगन यांनी 11,000 हून अधिक संपकरी कंट्रोलरांना एका फटक्यात काढलं, ते खिंडार बुजायला कित्येक वर्षं लागली. पुढे 2013 च्या खर्चकपातीत भरती अडली, कोविडात प्रशिक्षण रखडलं. आज अनेक ठिकाणी कंट्रोलर आठवड्याचे सहा दिवस, दहा-दहा तास राबतात.

सेंटेनियलचीच गोष्ट. 12 मे 2021 रोजी उतरण्यासाठी वळणारं सायरस विमान आपल्या धावपट्टीची रेषा ओलांडून गेलं आणि समांतर धावपट्टीकडे येणाऱ्या मेट्रोलायनर विमानावर आदळलं. दोन्ही विमानं वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर होती. सायरस पॅराशूटने खाली आलं, मेट्रोलायनरचं धड फाटूनही पायलटने ते सुखरूप उतरवलं, तिघेही वाचले. चौकशीत मुख्य ठपका सायरसच्या पायलटवर आला. मेट्रोलायनरला कंट्रोलरकडून सायरसबद्दल सूचना मिळाली नाही, हेही कारणांत धरलं गेलं. हा अपघात माणसं कमी असल्यामुळे झाला असं म्हणता येणार नाही. पण टॉवर चालू असतानाही फायनलला (धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला) वळताना वेग आणि शेजारची धावपट्टी तुलाच बघायची आहे, एवढं त्यातून घे.

आता रेडिओ. टॉवरने तुझ्या विमानाचा क्रमांक घेऊन ‘स्टँडबाय’ म्हटलं, तर संपर्क झाला. मग टॉवरच्या हवाई हद्दीत शिरता येतं. क्रमांक न घेता नुसतं ‘एअरक्राफ्ट कॉलिंग, स्टँडबाय’ ऐकू आलं, तर बाहेरच थांबायचं. गर्दीत हा फरक निसटतो. बोलण्याआधी वाक्य मनात जुळव: कोण, कुठे, किती उंचीवर, काय हवं. बस्स.

इन्स्ट्रक्टरना सांगून फेऱ्यांचा सराव टॉवर नसलेल्या एखाद्या शांत धावपट्टीवर कर. आणि आधी फोन करून, परवानगी मिळाली तर, एकदा टॉवरमध्ये जाऊन ये. एका कंट्रोलरकडे किती कामं आहेत ते नीट बघ आणि मला सविस्तर लिही.

तुझी,
आत्या