शौचातील रक्त : मूळव्याध की आणखी काही?

सोनई परिसरात उसातील तण बी धरण्याआधीच खुरपून काढतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगालाही हेच तत्त्व लागू पडते. सुमारे १.५ मीटर लांबीच्या या आतड्याच्या अस्तरावर कधीकधी लहान गाठी वाढतात. त्यांना ‘पॉलिप’ म्हणतात. त्यांपैकी काहींचेच कर्करोगात रूपांतर होते. त्यास बहुधा १० वर्षे तरी लागतात. या अवधीत त्यांतून डोळ्यांना न दिसणारे रक्त झिरपू शकते. ते विष्ठेच्या तपासणीत आढळले, तर दुर्बिणीतून आतडे पाहून पॉलिप तारेच्या फासाने काढता येतो. कर्करोग झालाच असेल, तर आतड्याचा तो भाग शस्त्रक्रियेने काढतात. जरूर पडल्यास औषधे व किरणोपचार देतात. मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात हे उपचार होतात. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांच्या शौचात रक्त दिसले, तर ‘मूळव्याध असेल’ असे परस्पर ठरवू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या.