बिघडलेला कॅमेरा

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वर हे क्षेत्र वसले आहे. गोदावरीचा उगम येथलाच. म्हणून दूरदूरचे यात्रेकरू येथे येतात. या गावाला आणखी एका कारणाने मान आहे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी येथेच झाला. १९१२ साली ते आपला विमा गहाण टाकून विलायतेस गेले, चित्रपटाची विद्या शिकले आणि तेथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागविला. फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे नाजूक काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी शिकून घेतले. पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट मुंबईत लोकांसमोर आला.

तो कॅमेरा हाताने फिरवावा लागे. त्यातील दात्यांची चाके, स्प्रिंगा आणि भिंगे उघड्या डोळ्यांना दिसत. यंत्राची जाण असलेला मनुष्य ती खोलून पुन्हा जुळवू शके. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याची गोष्ट निराळी आहे. यात फिल्म नसते. भिंगातून आलेला प्रकाश सिलिकॉनच्या लहानशा पट्टीवर पडतो. तीवर प्रकाश टिपणारे लक्षावधी सूक्ष्म बिंदू असतात. १९७५ साली अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्यात असे अवघे १०,००० बिंदू होते आणि एक चित्र नोंदविण्यास २३ सेकंद लागत. आता हे सारे तळहातावर मावते. पण यंत्र जितके लहान व नाजूक, तितकी त्याची दुरुस्ती अवघड.

समजा, त्र्यंबकेश्वरात एक तरुण यात्रेकरूंची छायाचित्रे काढून पोट भरतो. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला हजारो लोक लोटतात. वर्षाची निम्मी कमाई त्याच दिवसांत व्हावयाची. आणि नेमका दोन आठवडे आधी पावसात कॅमेरा भिजून बंद पडतो! अशा वेळी त्याने काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नये. भिजलेला कॅमेरा चालू होतो का, हे पाहण्यासाठी कळ दाबली, तर आतील ओल्या भागांतून वीज वाहते आणि थोडे बिघडलेले यंत्र पुरते बिघडते. म्हणून बॅटरी ताबडतोब काढावी, कोरड्या फडक्याने बाहेरचे पाणी टिपावे आणि कॅमेरा उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. छायाचित्रे ज्यात साठविली असतात, ते कार्डही काढून जवळ ठेवावे. यंत्र पुन्हा मिळेल, पण गेलेली चित्रे परत येणार नाहीत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कॅमेरा आपल्या हाताने उघडू नये. फ्लॅशसाठी त्यात विजेचा साठा करणारा एक भाग असतो. त्यात सुमारे ३०० व्होल्टचा दाब असू शकतो आणि बॅटरी काढल्यावरही तो काही काळ टिकतो. त्याला बोट लागले, तर जबर धक्का बसतो.

मग कॅमेरा न्यावा कोठे? बहुतेक कंपन्या आपली दुरुस्ती केंद्रे नेमतात. तेथे कंपनीचे सुटे भाग आणि खास उपकरणे असतात. भिंग काढून पुन्हा बसविले, की ते केसभरही तिरके राहून चालत नाही. त्यासाठी मोजमापाची साधने लागतात. अशी केंद्रे सहसा मोठ्या शहरांत असतात. त्र्यंबकेश्वराहून नाशिक सुमारे ३० किलोमीटर आहे. तेथे त्या कंपनीचे केंद्र नसेल, तर मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. काही कंपन्या पार्सलनेही कॅमेरा स्वीकारतात. केंद्राचा पत्ता मात्र कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा माहितीपुस्तिकेतूनच घ्यावा. खोटे क्रमांक पसरवून लोकांना फसविणारे ठग पुष्कळ आहेत. खऱ्या केंद्राला तुमच्या बँकेचा गुप्त क्रमांक कधीच लागत नाही.

जाताना खरेदीची पावती आणि हमीपत्र बरोबर घ्यावे. हमीच्या मुदतीत कारखान्याचा दोष बहुधा विनामूल्य दुरुस्त होतो. पाणी शिरल्याने किंवा पडल्याने झालेला बिघाड मात्र सामान्यतः हमीत बसत नाही. बिघाड कसा झाला हे खरे सांगावे. लपवून उपयोग नाही, कारण आतील ओलावा आपली साक्ष स्वतःच देतो. तक्रार थोडक्यात लिहून द्यावी: "दिनांक अमुक रोजी कॅमेरा पावसात भिजला. तेव्हापासून तो चालू होत नाही. बॅटरी लगेच काढली होती." 'कॅमेरा चालत नाही' एवढ्यावर थांबू नये.

कॅमेरा देताना पावती मागून घ्यावी. तीत यंत्राचा क्रमांक, सोबत दिलेल्या वस्तू, आधीचे ओरखडे आणि परत मिळण्याचा दिवस लिहिला आहे ना, हे पाहावे. दुरुस्तीपूर्वी खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. तो पाहून मगच होकार द्यावा. नव्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक खर्च येत असेल, तर क्षणभर थांबून विचार करावा. पण यंत्र जुने म्हणून लगेच फेकणेही बरे नव्हे. कॅमेऱ्यात तांबे, सोने यांसारखे धातू असतात आणि उकिरड्यावर पडलेल्या विजेच्या वस्तूंतून विषारी द्रव्ये जमिनीत झिरपतात. वस्तू दुरुस्त करून वापरता यावी, यासाठी भारत शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयाचे स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले.

परत घेताना कॅमेरा तेथेच चालवून पाहावा आणि दुरुस्तीचे बिल जपून ठेवावे. समजा, पैसे घेऊनही काम झाले नाही आणि विनंती करूनही कोणी दाद देत नाही. तरी हताश होऊ नये. प्रथम कंपनीला शांतपणे लेखी कळवावे. मग राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक आहे. त्याहीपुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे, कंपनी कोठलीही असली तरी ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणून त्र्यंबकेश्वरच्या त्या तरुणाला मुंबईच्या खेपा घालण्याचे कारण नाही. नाशिकचा आयोग त्याचे म्हणणे ऐकू शकतो. तक्रार साधारणतः २ वर्षांच्या आत करावयाची असते. त्या वेळी जो कागद जवळ असेल, तोच उपयोगी पडतो.

मुलांनो, घरात घड्याळ बिघडो, शिलाईयंत्र बिघडो वा कॅमेरा बिघडो, हाच क्रम लक्षात ठेवा. आधी नुकसान थांबवावे, मग जाणत्याकडे जावे, प्रत्येक व्यवहाराची लेखी नोंद ठेवावी आणि अन्याय झाल्यास नम्रपणे पण ठामपणे दाद मागावी.

स्वाध्याय

१. भिजलेला कॅमेरा लगेच चालू करून का पाहू नये?
२. दुरुस्तीस वस्तू देताना पावतीवर कोणत्या गोष्टी असाव्यात?
३. तुमच्या घरातील एखादी वस्तू बिघडली आहे असे समजून दुरुस्ती केंद्रास पाच ओळींचे पत्र लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : दाद मागणे, गहाण टाकणे, साक्ष देणे.